सी-वन नावाचा शिस्तीचा माणूस

रिसर्च पेपर जमवायला माणसाचे केस पांढरे होतात. किस्से मात्र न बोलावता जमतात, पाहुण्यांसारखे पाय पसरून बसतात आणि जायचं नाव घेत नाहीत. आमच्या सेंटरवर मी पाच वर्षं काढली. त्यात माझे छापून आलेले पेपर किती, हे कृपया विचारू नका. किस्से किती, ते विचारा!

गडचिरोलीच्या पुढे, धानोऱ्याच्या रस्त्याला, सागाच्या झाडीत आमची दुमजली इमारत आहे. दारावर बोर्ड आहे, 'आंतरविद्याशाखीय जैववैद्यकीय संशोधन केंद्र'. हा बोर्ड एका दमात वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एसटीच्या कंडक्टरांनी त्यावर सोपा उपाय काढला होता. "चला, रक्तवाले उतरा!" अशी हाक आली की आम्ही उतरायचो.

आंतरविद्याशाखीय म्हणजे काय, तर एक डॉक्टर, एक इंजिनीअर, एक आकडेवाली आणि एक गावात हिंडणारी, असे चौघे एका टेबलाभोवती बसवायचे. मग प्रत्येकाला वाटतं की अवघड काम दुसरा करतोय. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण ज्याने काढली, त्याने आमचं सेंटर नक्की पाहिलेलं असणार.

आमच्या टेबलावरचे डॉक्टर म्हणजे बोरकर सर, आकडेवाल्या म्हणजे लिमये मॅडम. दोघेही आमचे गाईड. इंजिनीअर मी, साजिद, बल्लारपूरचा. आणि गावात हिंडणारी मंदा कुमरे. काम होतं सिकलसेलचं. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि माणूस दुखण्याने तळमळतो. माझ्या बल्लारपूरच्या आणि इथल्या, दोन्ही जिल्ह्यांत हा आजार घरोघरी ओळखीचा आहे. गावातच, मिनिटाभरात, स्वस्तात तपासणी करणारं यंत्र बनवायचं होतं. यंत्र माझ्या पीएचडीचं, त्या यंत्रावर गावोगावी तपासणी करून ते खरं बोलतं की खोटं हे दाखवणं मंदाच्या पीएचडीचं.

मंदा तिथलीच. धानोरा तालुक्यात डांबरी रस्ता जिथे संपतो त्याच्याही पुढचं तिचं गाव. ती सेंटरवर लागली तेव्हा गावच्या पाटलांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती. "रक्त नेनारे लय आले मंदा. रिपोर्टचा कागद घेऊन वापस कोनी नाई आला." मंदा म्हणाली होती, "मी येईन." आता सेंटरचा नियम असा की पीएचडी झाली तरच पुढे इथे काम मिळणार. नाही झाली तर मंदा घरी आणि कागद कपाटात! तेव्हा मंदाची पीएचडी हा नुसता मंदाचा प्रश्न नव्हता.

*

पहिला किस्सा माझ्या अब्बांचा. बल्लारपूरला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंखा, कूलर, विहिरीची मोटार, जे जळेल ते त्यांच्याकडे येतं. मुलगा इंजिनीअर झाला म्हणून ते खूश होते. तेवढ्यात मी इथे आलो. पहिल्या सुट्टीत घरी गेलो तर ते कॉइल गुंडाळत बसलेले.

"डॉक्टर बनेगा?"

"नाम के आगे लगेगा अब्बा. लेकिन वैसा डॉक्टर नही."

"दवाई देगा?"

"नही."

"तो मशीन सुधारेगा?"

"सुधारूंगा नही, बनाऊंगा. खून जाँचने की."

अब्बांनी हातातली तार खाली ठेवली. चष्मा कपाळावर सरकवला. "मतलब मरीज आया तो बोलेगा मै इंजिनीअर, और मोटर जली तो बोलेगा मै डॉक्टर!"

आमच्या विषयाची इतकी अचूक व्याख्या मला नंतर एकाही परिषदेत ऐकायला मिळाली नाही.

*

आमच्या गाइडांबद्दल वाईट बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. म्हणून फक्त जे घडलं ते सांगतो.

बोरकर सरांकडे लाल पेन होतं आणि त्या पेनाला दोनच शब्द यायचे, 'चर्चा करा'. प्रबंधाचं कुठलंही पान द्या, समासात 'चर्चा करा'. चर्चा करायला जावं तर सर नागपूरच्या गाडीत बसलेले असायचे. लिमये मॅडम पुण्याच्या. त्यांचं पेन हिरवं आणि अक्षर सुरेख. सरांनी 'भाषा सोपी करा' म्हटलं की मॅडम 'भाषा शास्त्रीय करा' लिहायच्या. सरांना गावं कमी हवी असत, मॅडमना जास्त. दोघं एकमेकांशी कधी भांडले नाहीत. दोघांच्या वाटचं भांडण मंदाच्या प्रबंधात व्हायचं.

एकदा मंदाने तिसरा चॅप्टर सरांना दिला. सर म्हणाले, मुद्दा पोचत नाही. तिने तो मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे शास्त्रीय केला. मॅडम म्हणाल्या, आता वाचवत नाही. तिने तो पुन्हा सोपा केला. असं चार महिने चाललं. पाचव्या महिन्यात ती माझ्याकडे आली. "साजिद, माझा पहिला ड्राफ्ट आहे का रे तुझ्याकडे?" होता. तिने त्यातला एक स्वल्पविरामही बदलला नाही. नवीन कव्हर लावलं आणि दोघांना एकेक प्रत दिली.

मॅडमनी लिहिलं, 'लक्षणीय सुधारणा.' सरांनी लिहिलं, 'आता कसं! चर्चा करा.'

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. अशा चर्चांत मंदाची मुदत संपली, एकदा वाढवून मिळाली, दुसऱ्यांदा वाढवून मिळाली. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. पाचव्या वर्षाचा जून संपायच्या आत तोंडी परीक्षा झाली नाही तर विद्यापीठातून नाव कमी, असं पत्र आलं होतं. मंदाने ते पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि वर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली.

*

रक्त घ्यायचं तर संमतीपत्र हवं, हे बरोबरच आहे. माणसाला कळलं पाहिजे की त्याचं रक्त कशाला नेतायत. आमचं संमतीपत्र अकरा पानांचं होतं आणि त्याचा मराठी अनुवाद एका समितीने केला होता. 'सदर संशोधनात्मक प्रक्रियेदरम्यान सहभागी व्यक्तीस उद्भवू शकणाऱ्या संभाव्य अल्पकालीन अस्वस्थतेबाबत' असं पहिलं वाक्य सुरू व्हायचं आणि ते दुसऱ्या पानावर संपायचं.

मंदाच्याच गावात पहिला कॅम्प होता. नियमाप्रमाणे मी ते उभं राहून वाचलं. सातव्या पानावर बाया उठून पाणी भरायला गेल्या. नवव्या पानावर दोन बकऱ्या मांडवात आल्या, त्या मात्र शेवटपर्यंत थांबल्या. वाचून झालं तेव्हा पाटील खाटेवरून हळूच उठले आणि बाही वर करत म्हणाले, "एवढं आयकून माझ्या आंगात रक्त उरलं असन, तं घेऊन घ्या बापा!"

मग मंदा उठली. कागद बाजूला ठेवून गोंडीत बोलली. तीन मिनिटं लागली असतील. लोकांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली, कोणीतरी हसलं, कोणीतरी नाही म्हणून घरी गेलं, बाकीचे रांगेत उभे राहिले. फॉर्मवर 'माहिती कोणत्या भाषेत दिली' असा रकाना होता. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी एवढंच छापलेलं. मंदाने शेजारी पेनने 'गोंडी' लिहिलं.

झालं! संमतीपत्रं तपासणाऱ्या समितीचं पत्र आलं. माहिती देणारी व्यक्ती प्रशिक्षित असावी, तिला ती भाषा येत असल्याचं प्रमाणपत्र जोडावं, आणि माहिती देताना एक साक्षीदार हजर असावा. साक्षीदार सोपा होता. मंदाच्या गावच्या आशा कार्यकर्त्या सुशीलाबाई प्रत्येक कॅम्पला असायच्याच आणि त्यांची बोलीही गोंडीच. पण प्रमाणपत्र कोण देणार? सेंटरवर तीस माणसं, त्यात गोंडी येणारी एकटी मंदा. शेवटी सर म्हणाले, "मीच परीक्षा घेतो." सरांना गोंडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गाईडला हे बंधन नसतं.

"हं, बोला गोंडीत."

मंदा दोन मिनिटं खाली मान घालून गंभीरपणे बोलली. सरांनी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली आणि 'उत्तम' असं लिहून सही केली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय बोललीस?"

"म्हटलं, सर, दीड वाजला, मेसमधी भात संपून जाते, सोडा आता."

*

आता माझी फजिती. दुसऱ्यांचीच सांगत बसलो तर बरं दिसणार नाही.

सिकलसेलची साधी तपासणी अशी असते की एका काचेच्या नळीत औषधी पाणी घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब टाकायचा. पाणी स्वच्छ राहिलं तर काही नाही. गढूळ झालं तर सिकलचं रक्त आहे, मग मोठ्या लॅबकडे पाठवायचं. हा गढूळपणा डोळ्यांनी न बघता यंत्राने मोजायचा, असं माझं संशोधन. एका खोक्यात दिवा, समोर नळी, पलीकडे मोबाइलचा कॅमेरा. खोकं मी नागपूरहून थ्री-डी प्रिंटरवर छापून आणलं होतं, पांढरंशुभ्र, गोल कोपऱ्यांचं. सेंटरच्या एसी लॅबमध्ये सहा महिने यंत्र एकदाही चुकलं नाही.

मे महिन्यात ते गावात नेलं. शाळेपुढच्या अंगणात टेबल मांडलं. पहिला माणूस, काही नाही. दुसरा, काही नाही. मग वर्षानुवर्षं आजारी असलेला, सगळ्या गावाला माहीत असलेला पेशंट आला. यंत्र म्हणालं, काही नाही! सर त्या दिवशी चुकून हजर होते. "उत्साहवर्धक आहे!" म्हणाले.

मी घाम पुसत यंत्राची सेटिंग बदलली. तेवढ्यात उन्हावर ढग आला. पुढचे सगळे आजारी! पाटील आजारी, मास्तर आजारी, आमचा ड्रायव्हर आजारी. ढग गेला, सगळे ठणठणीत. तासभर हेच. ऊन पडलं की गाव बरं, सावली आली की गाव आजारी.

सुशीलाबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी माझ्या जेवणाच्या डब्याला गुंडाळलेला पेपर सोडवला, नळीमागे धरला आणि डोळे बारीक केले. "अक्षर दिसून राह्यलं तं नाई. नाई दिसलं तं हाय. तुमची मशीन काय म्हनते भाऊ?"

मशीन म्हणत होती, 'कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

पांढऱ्या पातळ प्लास्टिकमधून ऊन आत जात होतं, एवढीच गोष्ट. पुण्यामुंबईच्या माणसाने ही चूक केली असती तर मी समजू शकतो. मी बल्लारपूरचा! आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात कावळासुद्धा दुपारी बाहेर पडत नाही, आणि मी यंत्र बनवताना उन्हालाच विसरलो.

अब्बांना फोन केला. त्यांनी काही विचारलं नाही. आठवड्याने तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, आतून काळा रंग दिलेलं खोकं आलं. त्यानंतर यंत्र उन्हात चुकलं नाही. प्रबंधात त्याला 'स्थानिक पातळीवर निर्मित प्रकाशरोधक आवरण' म्हटलं आहे. अब्बा त्याला अजून 'तेल का डब्बा'च म्हणतात.

*

यंत्र खरं बोलतं की नाही, हे रोज सकाळी तपासावं लागतं. त्यासाठी दोन रक्तं लागतात. एक नक्की निरोगी, दुसरं नक्की सिकलचं. याला आमच्यात कंट्रोल म्हणतात. निरोगी रक्त सेंटरवर भरपूर होतं. मी, ड्रायव्हर, वॉचमन, आळीपाळीने बोट पुढे करायचो. ऑफिसचे वानखेडे बाबू आपला नंबर आला की नेमके रजेवर असायचे.

सिकलचं रक्त नागपूरच्या लॅबकडून यायचं होतं, बर्फाच्या डब्यातून, एसटीने. पहिलाच डबा धानोऱ्याच्या गाडीऐवजी अहेरीच्या गाडीत चढला. दोन दिवस त्याचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी कंडक्टर स्वतः डबा हातात घेऊन आमच्या दारात! माणूस भला होता. मी झाकण उघडलं तर आत काठोकाठ पाणी आणि त्यात आमच्या नळ्या तरंगतायत.

"बर्फ पूरा पानी झालता जी," कंडक्टर म्हणाला. "म्हून मी ते फेकलं अन् बोरिंगचं थंडं पानी भरलं. म्हटलं, साहेबाची मच्छी खराब नाई झाली पायजे!"

कॅम्प ठरलेले, पाटलांना शब्द दिलेला, आणि कंट्रोलशिवाय एकही निकाल धरता येणार नव्हता. संध्याकाळी मंदा म्हणाली, "सिकलच्या कंट्रोलचं मी पाहून घेते. तुम्ही कोणी काळजी करू नका."

आम्ही केलीच नाही! काळजी न करण्यात आमचं सेंटर पटाईत. दुसऱ्याच दिवसापासून मी आठ वाजता कॅम्पच्या टेबलाशी पोचायचो तेव्हा ताजा थेंब टाकलेली नळी तयार असायची. वर चिठ्ठी, 'सी-वन', म्हणजे कंट्रोल नंबर एक. पाऊस असो, रस्ता बंद असो, गाडी पंक्चर असो, सी-वन हजर. निरोगी रक्त देणाऱ्यांच्या पाळीत मंदाचं नाव कधी आलं नाही, कारण ती सी-वनच्या कामात असायची.

सरांनी एका परिषदेत 'दुर्गम भागातील शीतसाखळी व्यवस्थापन' यावर भाषण केलं आणि सी-वनचं श्रेय घेतलं. मॅडम तर आकडे पाहून हरखल्या. "तीन वर्षांत एकही दिवस खाडा नाही, एकही आकडा इकडेतिकडे नाही. साजिद, तुमच्या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये शिस्तीचा माणूस एकच, हा सी-वन!"

*

पुण्याचा किस्सा छोटा आहे. आदिवासी आरोग्यावर दोन दिवसांची कार्यशाळा होती. एक मोठे वक्ते दीड तास सांगत होते की गोंड समाज रक्त द्यायला का घाबरतो. स्लाइडवर ढोल, नाच, मोरपिसं. मंदा पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होती. चहाच्या वेळी वक्ते स्वतः तिच्याकडे आले.

"छान टिपणं काढत होतात. तुम्हाला या समाजात राहण्याचा काही अनुभव?"

"थोडासा आहे सर," मंदा म्हणाली. "जन्मापासून."

वक्त्यांनी तिला आपलं कार्ड दिलं. म्हणाले, "मग आमच्या पुढच्या बॅचला जरूर या, बेसिकपासून शिकवतो."

*

नंतर सेंटरवर अंगठ्याची हजेरी आली. म्हणजे मशीनवर बोट ठेवायचं, मशीन 'धन्यवाद' म्हणतं, मग तुम्ही हजर. बारा वाजता येणारे लोक धन्यवाद घेऊन आत जायचे. सकाळी सहाला उठून गावात जाऊन आलेल्या मंदाचं बोट मात्र मशीनला ओळखू येईना. हे बोट ठेव, ते बोट ठेव, मशीन आपलं टूं टूं करतंय. दोन बोटांना तर पट्ट्याच असायच्या.

वानखेडे बाबूंनी तिचे हात पाहिले. "मोहाचे फुलं वेचता का म्याडम?"

"वेचते ना," मंदा म्हणाली.

"मंग बरोबर. घासून गेले बोटं. पन मी काय करू? मशीन खोटं नाई बोलत."

"अहो, मी तुमच्यापुढे उभी आहे."

"दिसून राह्यल्या ना. पन तुमी गैरहजर आहा."

सहा महिन्यांनी हजेरी कमी भरल्याचं पत्र आलं. त्या पत्राने तोंडी परीक्षाच अडकली असती. मंदा चार वेळा विद्यापीठात गेली, कॅम्पच्या रजिस्टरांच्या प्रती दाखवल्या, तेव्हा कुठे तिथल्या बाईंनी 'विशेष बाब' असा शेरा मारला. जूनच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळाली. हुकली असती तर पुढची तारीख नव्हती. मला तेव्हा त्या मशीनचा इतका राग आला होता की अब्बांकडे नेऊन त्याची कॉइल जाळून टाकावी असं वाटलं. तिच्या पट्ट्यांबद्दल विचारावं, हे मात्र सुचलं नाही.

*

शेवटचा किस्सा त्या तोंडी परीक्षेचा.

बाहेरचे परीक्षक मुंबईहून आले होते. पांढरे केस, हसू नाही, आणि प्रबंध खरोखर वाचून आलेले! आमच्या सेंटरवर हे पहिल्यांदाच घडत होतं. सर आणि मॅडम पुढे बसले, मी यंत्राजवळ. मागच्या रांगेत सुशीलाबाई, नवं पातळ नेसून, सकाळच्या पहिल्या एसटीने आलेल्या. दाराशी वानखेडे बाबू, कारण नंतर समोसे होते.

मंदा छान बोलली. यंत्र नीट चाललं. परीक्षकांनी तेलाच्या डब्याला हात लावून पाहिला आणि 'हे बरं केलंत' म्हणाले. सर हसायला लागले. तेवढ्यात परीक्षकांनी खूण घातलेलं पान उघडलं.

"हा सी-वन कोण?"

परीक्षकांनी त्या नावावर बोट ठेवलं.

"तुमचे सगळे निकाल याच्यावर उभे आहेत. तीन वर्षं हा माणूस रोज रक्त देतोय. याचं संमतीपत्र प्रबंधाला जोडलेलं नाही. संमती नसेल तर हे रक्त वापरता येत नाही. आणि हे रक्त गेलं तर निकाल गेले, निकाल गेले तर प्रबंध गेला. गाईड कोण आहेत?"

सर म्हणाले, "कंट्रोल हा तसा आकडेवारीचा भाग. मला वाटलं, मॅडम बघतायत."

मॅडम म्हणाल्या, "रक्त हा क्लिनिकल विषय आहे. मला वाटलं, सर."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं. आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणजे काय, हे त्या क्षणी त्या खोलीत सगळ्यांना कळलं! जून संपायला चार दिवस होते.

मंदा आपल्या पिशवीकडे गेली. प्लास्टिकच्या फोल्डरमधून तिने अकरा पानं काढली आणि परीक्षकांपुढे ठेवली. कंडक्टर डबा घेऊन आला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख होती. वर पिनेने एक पिवळं कार्ड लावलेलं. आमच्याकडे हे कार्ड सगळ्यांना माहीत असतं. ज्याच्या रक्तात सिकल आहे पण जो स्वतः आजारी नाही, अशा वाहकाला ते मिळतं.

परीक्षकांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं.

"सहभागी व्यक्तीचं नाव, मंदा कुमरे." ते थांबले. "माहिती देणाऱ्या व्यक्तीचं नाव, मंदा कुमरे."

वानखेडे बाबू दारातून मंदाच्या बोटांकडे बघत राहिले.

"माहिती कोणत्या भाषेत दिली," परीक्षकांनी पान डोळ्यांजवळ नेलं, "गोंडी."

"तुम्ही स्वतःच स्वतःला माहिती दिलीत?" त्यांनी मान वर करून विचारलं.

"समितीचा नियम आहे सर," मंदा म्हणाली. "सहभागी व्यक्तीला तिच्या भाषेत, ती भाषा येणाऱ्या प्रमाणित माणसाने सांगावं. सेंटरवर दुसरं कोणी नव्हतं."

"आणि साक्षीदार? ही सही कोणाची आहे?"

मागची खुर्ची सरकली. सुशीलाबाई पदर सावरत उभ्या राहिल्या.

"मीच आहो जी साक्षीदार. तिनं तिले पूरं समजावून सांगतलं. नाई म्हनाची बी मुभा हाय, हे बी सांगतलं. मी बाजूलेच बसली होती."

परीक्षकांनी ती अकरा पानं पुन्हा नीट लावली, कार्ड वर ठेवलं आणि दोन्ही मंदाच्या हातात दिली. मग सरांपुढचं लाल पेन उचललं आणि जिथे परीक्षकाची सही लागते तिथे केली.

सर म्हणाले, "यावर थोडी चर्चा..."

"नको," परीक्षक म्हणाले.